रायरमामांची हजेरी

रायरमामांनी जन्मात कधी अंडं खाल्लं नाही, आणि म्हातारपणाची सगळी वर्षं त्यांनी कोंबड्यांच्या मागे घालवली. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत त्यांना ‘कोळी रायर’ म्हणत. तमिळमध्ये कोळी म्हणजे कोंबडी आणि रायर म्हणजे आपले राव, हे मला तेव्हा कुठलं ठाऊक असायला! खोली बघायला आले तेव्हा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं ‘कोळी रायर’ म्हणत घराकडे बोट दाखवलं. मला वाटलं, मालक कोळी दिसतात, चला, निदान मासे केले तर नाक मुरडणार नाहीत. आत जाऊन बघते तर कपाळाला गोपीचंदन, कमरेला पांढरी वेष्टी, असा एक उंच, काटकुळा म्हातारा मागच्या अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे टक लावून बसलेला. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “बैसा. पण बोलूं नका. वर घार अहे.”

मी ऑडिटच्या नोकरीतली. पुण्याहून चेन्नईला बदली झाली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. आई-वडील गेलेले, लग्न राहून गेलेलं, बहीण सांगलीला तिच्या संसारात. बदली थांबवा म्हणून अर्ज करायचा तर त्यात लिहिण्यासारखं एकही कारण माझ्यापाशी नव्हतं. इथं आल्यावर दोन महिने मराठीचा शब्द कानावर पडला नाही, आणि पडला तो हा ‘बैसा’. मामांचे पूर्वज केव्हातरी तंजावरला गेले ते तिकडचेच झाले. त्यांची मराठी तिथंच मुरली आणि तमिळच्या सुरावर हेलकावे घेऊ लागली. ते ‘आहे’ला ‘अहे’ म्हणत, ‘लवकर’ला ‘झडकरी’ म्हणत, आणि तमिळ रीतीनं बाईमाणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी एक मायेचं ‘मा’ जोडून देत. आठवड्याभरात माझं ‘तुमी’चं ‘तूं’ झालं.

या घरात कोंबड्या आल्या त्या मामींच्या आजारपणात. कांदासुद्धा वार बघून चिरला जाणाऱ्या घरात डॉक्टरांनी फर्मान काढलं, अशक्तपणा फार आहे, रोज एक अंडं द्या. फाटकाशी बसून फुलं विकणाऱ्या सेल्वीनं गुम्मिडिपूंडीच्या पलीकडे राहणाऱ्या आपल्या बहिणीकडून दोन तलंगा आणून दिल्या. मामांनी मागच्या अंगणात वेगळा स्टोव्ह आणि वेगळं भांडं मांडलं, आणि मुहूर्त बघावा तसं घड्याळ बघून अंडं उकडलं. मामींनी नाक दाबून दोन दिवस खाल्लं, तिसऱ्या दिवशी हात जोडले. कोंबड्या मात्र त्यांना आवडल्या. पडल्या पडल्या खिडकीतून त्या त्यांच्याकडे बघत असत. पुढे मामी गेल्या, कोंबड्या राहिल्या, आणि सेल्वी अधूनमधून एखाददुसरं पिल्लू आणत गेली तशा दोनाच्या सात झाल्या. अंडी सेल्वीला आणि मला मिळत. मामा ती चिमट्यानं उचलून आमच्या भांड्यात घालत, हात लावत नसत. कोंबडीला मात्र खुशाल मांडीवर घेऊन बसत.

येणारा-जाणारा त्यांना एकच सल्ला देई, जाळीचं पक्कं खुराडं बांधून टाका, कटकट मिटेल. वेलचेरीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं, सुधानं, एकदा माप घ्यायला माणूसच पाठवला होता. मामांनी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. “चौतीस वर्षं मी तिकिटाच्या खिडकीमागें बैसलों मा,” ते मला म्हणाले. “लोक बाहेर, मी जाळीच्या आंत. जाळी काय असते तें मला पूस.” रेल्वेत बुकिंग क्लार्क होते ते. म्हणून कोंबड्या दिवसभर मोकळ्या, आणि अंधार पडायच्या आत बांबूच्या भल्यामोठ्या पालथ्या टोपलीखाली. या टोपलीला इथं पंजारम म्हणतात. ती रोज नव्या जागी मांडायची, म्हणजे खालची जमीन कोरडी राहते आणि मुंगसाला पत्ता पाठ होत नाही. वर दोन विटा, आणि घुशीनं उकरू नये म्हणून कडेनं फरशीचे तुकडे. आमच्या आजोळी याला डालगं म्हणत आणि त्याखाली कोंबड्या झाकणं म्हणजे डालणं, असं मी सांगितलं तेव्हा मामा हरखून गेले. “डालणें,” त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं. “आमच्या माणसांनीं हा शब्द वाटेंत सांडला दिसतो.” त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ते म्हणत, “चल मा, डालायची वेळ झाली.” कुणाला काही द्यावं असं माझ्याजवळ फारसं नव्हतंच. हा एक शब्द तेवढा दिला, आणि तो त्यांनी रोज वापरला.

खुराडं नाही म्हटल्यावर राखण आली. कोंबडा ठेवायची सोय नव्हती, कारण तो पहाटे आरवला की शेजारच्या फ्लॅटांतल्या खिडक्या धडाधड आपटत. तेव्हा कोंबड्याचं काम मामाच करत. डोळ्यांत तेल घालून बसत. सकाळी ऊन भिंतीवरून अंगणात उतरेपर्यंत टोपली उचलायची नाही, पहाटेची वेळ मुंगसाची. दुपारी सगळ्यांनी जास्वंदीच्या गचपणात. लोकांना वाटे ही जास्वंद देवासाठी लावली आहे, पण ती वाढवली होती घारीला कोंबड्या दिसू नयेत म्हणून. कपड्यांच्या दोरीवर सुधाच्या कॉलेजातल्या जुन्या सीडी टांगलेल्या, त्या वाऱ्यावर लखलखल्या की घार बिचकते. मागच्या बोळातल्या तांबड्या कुत्र्याला रोज दोन इडल्या मिळत. तो कधी आत आला नाही, पण बोळात मांजराला उभंही राहू दिलं नाही. “त्याला आंत घ्यायचें नाहीं आणि उपाशीही ठेवायचें नाहीं,” मामा सांगत. मी हसले तर म्हणत, “हसूं नको. लिहून ठेव.”

खरी पंचाईत कावळ्यांची होती. स्वयंपाक झाला की पहिला भात कावळ्याला, ही इथं घरोघरची रीत. मामा मामींच्या नावानं मागच्या भिंतीवर भात ठेवून हाक घालत, आणि तेच कावळे जेवून झालं की सेल्वीच्या पिल्लांवर टपून बसत. एकदा एकानं पिल्लू उचललं. मामांनी काठी उगारली आणि तशीच खाली घेतली. आत्ताच मामींच्या वाटचा घास खाल्लेल्या कावळ्याला मारायचं कसं? दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मग त्यांनी भात मागच्या भिंतीवरून उचलून पुढच्या गच्चीवर नेला आणि दुप्पट केला. गच्चीवर कावकाव सुरू झाली की इकडे पिल्लं मोकळी सोडायची, कावकाव थांबली की परत टोपलीखाली. रविवारी गच्चीवर उभं राहून “सगळे जेवतायत हो!” असं ओरडून सांगायचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसात माझ्या हाताखाली सहा माणसं होती, पण इतकं महत्त्वाचं काम मला कुणी दिलं नव्हतं.

आणि संध्याकाळी हजेरी. कोंबड्यांना त्यांनी आपल्या जुन्या लाइनीवरच्या स्टेशनांची नावं ठेवली होती. सैदापेट, गिंडी, परंगीमलै, मीनंबाक्कम, पल्लावरम, क्रोमपेट, तांबरम. दिवस कलला की मामा कॉफीचा स्टीलचा पेला घेऊन बोटातल्या अंगठीनं त्यावर टिक टिक टिक वाजवत. या आवाजामागून तांदळाची कणी येते हे ठाऊक असल्यामुळे कोंबड्या असतील तिथून धावत सुटत. टोपली एका बाजूनं उचलून धरून मामा एकेकीला आत घेत. प्रत्येकीच्या पाठीवरून हात, प्रत्येकीचं नाव. तांबरम आत गेली की टोपली खाली, विटा वर, आणि मग एकच शब्द, “सरी.” म्हणजे झालं, ठीक. मी ऑफिसातून आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून हे बघत असे. वर माझ्या खोलीत भिंतींखेरीज बोलायला कुणी नव्हतं. दिवसभरात कुणीतरी कुणाचं तरी नाव मायेनं घेतलेलं ऐकायला मिळे ते एवढंच.

मामींची तिथी करायला मामा वर्षातून एकदा तंजावरला जात. त्या वर्षी सेल्वीलाही गावी जायचं होतं, म्हणून कोंबड्या माझ्यावर सोपवल्या गेल्या. मामांनी दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या, वर पुन्हा त्या माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. मी जरा घुश्श्यातच होते. आकडे जुळवण्यात उभी हयात गेलेल्या बाईला सात कोंबड्या सांभाळता येणार नाहीत? संध्याकाळी पेला वाजवला, कणी टाकली, सगळ्या आल्या. मला काही त्या पाठीवरून हात फिरवू देईनात. अंधारूनही येत होतं. मी सरळ डोकी मोजली. सात. टोपली टाकली, विटा ठेवल्या आणि मामांना फोन केला. “सात,” मी सांगितलं. ते म्हणाले, “परंगीमलै आली? ती मागें रेंगाळते.” मी म्हटलं, “आली की. सात आहेत ना.” सकाळी टोपली उचलली तर पायाला लाल दोरा बांधलेली एक परकी कोंबडी अंग चोरून कडेला बसलेली. बोळापलीकडच्या शिंप्याची होती ती. कणीच्या आशेनं आत शिरली होती. आणि बोळाच्या तोंडाशी, भिंतीलगत, परंगीमलैची तांबूस पिसं पडली होती.

मामा परत आले तेव्हा मी पिसं कागदात गुंडाळून ठेवली होती. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी कागद उघडला, मिटला. रागावले असते तर बरं झालं असतं. “आंकडा बरोबर होता मा,” ते इतकंच म्हणाले. “तोंडें पाहिलीं नाहींस.” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि त्या दोन दिवसांत मला कळलं की या शहरात न बोलण्यासारखंसुद्धा मला एकच माणूस आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिमट्यानं अंडं आणून माझ्या भांड्यात घातलं. सेल्वीनं नवी कोंबडी आणते म्हटलं, ते नको म्हणाले. हजेरीत गिंडीनंतर ते क्षणभर थांबत आणि मग मीनंबाक्कम म्हणत. ती थांबण्याची जागा शेवटपर्यंत तशीच राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी लाइनीवर काहीतरी बिघडलं आणि गाड्या अडकल्या. मी कोडंबाक्कमला उतरून चालत निघाले. फोनची बॅटरी संपलेली. घरी पोचायला साडेसात झाले. फाटकात मामा उभे होते, हातात पेला. मला बघितल्यावर “आलींस मा?” म्हणाले आणि कडी घालून आत गेले. सेल्वी मोगऱ्याचे गजरे आवरत होती. ती म्हणाली, “अय्या सहापासून इथंच उभे आहेत. चला जेवून घ्या म्हटलं, तर म्हणाले, सगळ्या नाही आल्या, एक बाहेर आहे.” मी मागच्या अंगणात जाऊन टोपलीच्या फटीतून पाहिलं. यावेळी एकेकीचं तोंड बघितलं. सहाच्या सहा आत होत्या. मग जिना चढून वर गेले, दिवासुद्धा न लावता पलंगावर बसले आणि पोटभर रडले. वडील गेल्यापासून माझी वाट बघून कुणी जेवायचं थांबलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी ऑफिसातून कधी उशिरा निघाले नाही. साहेबांनी एकदोनदा टोकलं, तर घरी अडचण आहे असं ठोकून दिलं.

पुढची गोष्ट सांगायला जड जाते. मामा विसरू लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग कॉफी प्यायली की नाही ते. एका सकाळी मी खाली आले तर टोपली अंगणात उताणी पडलेली, विटा बाजूला. आदल्या संध्याकाळी मी जिन्यावरूनच “सरी” ऐकून वर गेले होते. कोंबड्या डाललेल्याच नव्हत्या. नशिबानं सगळ्या जास्वंदीवर चढून बसल्या होत्या, एकीच्याही पिसाला धक्का नव्हता. पण मामा खुर्चीत खाली मान घालून बसले होते. “मी सरी म्हटलें ना?” त्यांनी विचारलं. मी टोपली सरळ केली. ते म्हणाले, “आतां माझा भरंवसा नाहीं मा. झडकरी कांहीं करायला पाहिजे.” मी म्हटलं, मी आहे ना, मी रोज डालेन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि परंगीमलैचं नाव त्यांनी काढलं नाही हा त्यांचा मोठेपणा. “तूं ऑफिसांत. दिवसां कोण?” म्हणाले.

निर्णय त्यांनी स्वतःच घेतला. सेल्वीच्या बहिणीचं घर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांच्या पलीकडे, गावात. मोकळं आवार, दिवसभर घरात माणसं. रविवारी सकाळी सेल्वी न्यायला आली. मामांनी तिच्या हातावर एकेक कोंबडी दिली आणि प्रत्येकीचं नाव तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. क्रोमपेट संध्याकाळी हट्टानं झाडावर चढते. तांबरमला एका डोळ्यानं कमी दिसतं, तिला उजव्या बाजूनं उचलायचं. सेल्वी मान डोलावत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. रिक्षाच्या टपावर पंजारम बांधून ती गेली. त्या संध्याकाळी मामा पेला घेऊन अंगणात आले, एकदा वाजवला, आणि तसाच हातात धरून बसले. महिन्याभरात सुधा त्यांना वेलचेरीला घेऊन गेली. “आंटी, अप्पांना इथं एकटं कसं ठेवू, सांगा ना?” तिनं मला विचारलं. खरंच होतं तिचं. घर बिल्डरकडे गेलं, मी दोन गल्ल्या सोडून एका फ्लॅटात खोली घेतली. तिथं मी केव्हा येते आणि केव्हा जाते, कुणाला पत्ता नसतो.

वेलचेरीचा सुधाचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बाल्कनी नेमकी सोसायटीच्या फाटकावर. दर रविवारी मी जात असे. आधी आधी मामा विचारत, सेल्वीचा निरोप काय, क्रोमपेट अजून झाडावर चढते का. मग कोंबड्यांचं विचारणं थांबलं. मग ते मला ‘तुमी’ म्हणू लागले. मी मनाची समजूत घालत असे की ही त्यांची जुनी रीत, ओळख वाढली की ‘तूं’वर येतील.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा ऊन उतरत होतं. मामा बाल्कनीत उभे, कठडा धरून, खाली बघत. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. “बैसा,” म्हणाले. मग हलक्या आवाजात सुरू झाले. सैदापेट. गिंडी. जरा थांबले. मीनंबाक्कम, पल्लावरम, क्रोमपेट, तांबरम. सगळं काही विसरलं होतं, ही हजेरी तेवढी जशीच्या तशी होती. पण ‘सरी’ म्हणाले नाहीत. कपाळावर आठ्या घालून पुन्हा फाटकाकडे बघू लागले. “मामा, काय झालं?” मी विचारलं.

“एक बाहेर अहे,” ते म्हणाले. “ऑफिसांतून यायची अहे.”

“मी आले ना, मामा. ही काय मी.”

त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. परक्या माणसाला धीर द्यावा तसे हसले. “तुमी बैसा,” म्हणाले. “ती येईल. गाडी उशिरा अहे आज.”

मी बसले. आम्ही दोघं माझी वाट बघू लागलो. सुधा आतून म्हणाली, “आंटी, हे रोजचं झालंय. अंधार पडला की चिडतात, जेवत नाहीत. मी काय करू कळत नाही.” मामांची बोटं कठड्यावर चुळबुळत होती. त्यांच्या अंगठीचा लोखंडावर बारीक आवाज होत होता, टिक टिक टिक.

मी उठले, पर्स उचलली आणि जिना उतरून खाली गेले. फाटकातून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेले. तिथं क्षणभर थांबले, पर्स खांद्याला लावली, आणि ऑफिसातून उशीर झाल्यावर यायची तशी भराभर चालत परत आले. फाटकात शिरून वर पाहिलं. मामा कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले होते.

“आलींस मा?” ते वरून ओरडले.

“आले, मामा.”

“सरी,” ते म्हणाले, आणि वळून आत गेले. बाल्कनीच्या दाराला त्यांनी कडी घातली ती मला खाली ऐकू आली. आता जेवतील. वर जायची सोय नव्हती, गेले असते तर मी पुन्हा कोणीतरी परकी झाले असते. वॉचमननं विचारलं, मॅडम, काही विसरलं का? मी नाही म्हटलं आणि फाटकाबाहेर येऊन गिंडीला जाणारी शेअर ऑटो शोधू लागले.